दारात उभा राहीन

"दुसऱ्याची दलील खोडायचे जगात दोनच रस्ते," उत्तमराव वकील म्हणाले. "एक समोरून, एक आडून. तिसरा रस्ता देवानंसुद्धा बनवला न्हाई."

तिसरा रस्ता त्यांच्याच घरात होता. नवऱ्याचं म्हणणं पटलं नाही की त्यांच्या पत्नी नर्मदाबाई मुकाट्यानं उठून चुलीकडे जात. पण हे खंडन आहे, असं वकिलांच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. त्यांना वाटे, भाजी लागत असेल.

समोर नासेर आपल्या घरात गाठोडं बांधत होता; आतल्या खोलीत त्याची बायको हलीमा होती. नासेर हळदीचा व्यापारी. दोघांच्या घरांची भिंत एक, शाळेत बसायचं तरटही एक. त्याची पिवळी बोटं गाठ आवळत होती.

"हैदराबादला बहिणीकडं चाललो," तो म्हणाला. "हवा बदलली की येतो परत. हलीमा बी तेच म्हणून राहिली."

"काहून? कुणाच्या भ्यानं?"

"उन्हाळ्यात रझाकारांनी जे केलं, त्याचा हिसाब कुणीतरी मागंलच ना? मागणारा टोपी पाहून मागंल, उत्तम. मानूस पाहून न्हाई."

दलील चांगली होती. चांगली दलील दिसली की उत्तमरावांना, तालमीत नवा गडी उतरलेला पाहून पैलवानाला होतं, तसं होई. धोतर सावरून ते सरसावले.

आधी समोरून. "वसमतात तुला कोन वळखत न्हाई? रझाकार माझ्या घरावर आले, तवा माझ्या दारात कोन होतं? तू. साऱ्या गल्लीनं पाह्यलं."

ते खरं होतं. त्या दिवशी नासेर वकिलांच्या पायरीवर पानदान घेऊन बसला होता. कुणी काही विचारलं की पान पुढे करायचा. दलील त्यानं एकही केली नाही. ते लोक पान खाऊन गेले.

"गल्लीनं पाह्यलं, बराबर," नासेर म्हणाला. "पन येनारे गल्लीचे नसले तर?"

समोरचा रस्ता बंद झाला. मग उत्तमराव आडून आले. आवाज खाली आणला.

"जा बाबा. मी अडवत न्हाई. पन जो शेजार सोडून पळतो, तो शेजाऱ्याला चोर ठरवून जातो. तू मला काय ठरवून चाललास, तेवढं सांग अन् जा."

नासेरचे हात थांबले. ही दलील नव्हतीच. मित्राच्या गळ्यात टाकलेला फास होता. पण कोर्टात असलीच चालते.

"आन् तशी वेळ आलीच," उत्तमराव म्हणाले, "तर मी दारात उभा राहीन. जबान देतो."

नासेर हसला. हरला की तो एकच शब्द बोलायचा.

"बराबर."

त्यानं गाठोड्याची गाठ सोडली. आत हलीमाच्या बांगड्या एकदाच जोरात वाजल्या. त्या संध्याकाळी उत्तमराव एक भाकर जास्त जेवले.

भादव्यात फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, वसमतात पेढे वाटले. नासेरच्या घरीही पेढे आले. पेढे संपले तशी माणसं आली. गल्लीची नव्हती. भर दुपारी हातात पलिते होते, कुऱ्हाडी होत्या.

उत्तमराव दारात उभे होते.

स्वतःच्या.

गळ्यापर्यंत दलिली आल्या होत्या, एकाहून एक सरस. एकही समोरून निघेना, एकही आडून निघेना. पाय तर उंबऱ्याच्या आतच राहिला. नासेर बाहेर आला. त्यानं एकदा शेजारच्या पायरीकडे पाहिलं. मग हातातलं पानदान उघडून पुढे केलं.

या वेळी कुणी पान घेतलं नाही.

नासेरच्या मरणाचा चाळिसावा झाल्यावर उत्तमराव त्या घरी गेले. हलीमा इद्दतीत, विधवेच्या चार महिने दहा दिवसांच्या सुतकात, बसली होती, म्हणून पडद्याआडून बोलली.

"भाभी," उत्तमराव म्हणाले, "इद्दत सरली की तुमी हैदराबादला नणंदेकडं जा. मी सोता गाडीत बसवून देतो. हितं आता तुमचं कोन हाय?"

ती त्यांना भाऊ म्हणायची. आज म्हणाली, "वकीलसाब, शेजार सोडून पळतो तो शेजाऱ्याला चोर ठरवतो. तुमीच म्हनले होते. त्यांना पटलं होतं. त्यांना पटलेलं मी कशी खोडू? खोडता येत असंल तर तुमी खोडा."

उत्तमरावांनी तोंड उघडलं. वसमतच्या कोर्टात त्यांनी दुसऱ्यांच्या इतक्या दलिली खोडल्या होत्या. स्वतःची खोडायची वेळ कधी आली नव्हती.

"मी... मी दारात..."

"व्हय. तुमी दारात उभे होते. मी पाह्यलं ना. जबान बराबर पाळली."

आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर उत्तर देता आलं असतं.

पडद्यामागे ती उठली. आता बांगड्या वाजायच्या नव्हत्या. पावलं तेवढी चुलीकडे गेली. उत्तमराव बराच वेळ तिथंच बसून राहिले. भाजी लागल्याचा वास काही आला नाही.

हलीमा त्याच घरात म्हातारी झाली. उत्तमरावांनी संक्रांतीच्या आत भिंतीपलीकडचं आपलं घर विकलं आणि हिंगोलीला बिऱ्हाड केलं.