एकाच क्रियापदाची शिकवणी

“मला समदी भाषा नको, मॅडम. ह्यो एकच शब्द शिकवा.”

नुजहतने वही पुढे सरकवली. पानावर इंग्रजी अक्षरं एकेक करून गिरवली होती. नो आपारेसे.

दीपा राजारामपुरीत स्पॅनिशचे वर्ग घ्यायची. येणारी सगळी पोरं पुण्यातल्या नोकऱ्यांवर डोळा ठेवून आलेली. पन्नाशीची, बुरख्यातली बाई आज पहिल्यांदाच आली होती, तीही कबनूरहून दोन बस बदलून. ईद होऊन आठवडा झाला होता. एप्रिलचं ऊन तापलेलं होतं.

“हे कुठे मिळालं तुम्हाला?”

“माझा कामिल जहाजावर फिटर हाय. जानेवारीत पेरूच्या बंदरात पाण्यात पडला. तिथलं ऑफिस हेच लिवतंय. मोबाईलात घातलं तर ‘दिसत नाही’ म्हणतोय.”

दीपाने वही जवळ ओढली. मग ती म्हणाली, “इथे ‘सापडत नाही’ असं घ्यायचं. मूळ क्रियापद आपारेसेर. दिसणं, उगवणं, अचानक येऊन उभं राहणं. हरवलेली वस्तू मिळाली तरी हेच वापरतात.”

“आणि माणूस?”

“माणूस मिळाला तरी हेच.”

नुजहतने ते लिहून घेतलं.

त्यानंतर ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी येत राहिली. लूमवरची अर्धी पाळी सोडून यायची. डोळे सुजलेले असायचे, पण दीपासमोर ती कधी रडली नाही. पाणी प्यायची आणि वही उघडायची.

“‘कुठल्याबी दिवशी सापडू शकतो’ कसं म्हणायचं?”

दीपा सांगायची.

“‘अजून सापडला न्हाय, पण शोध चालू हाय’?”

दीपा तेही सांगायची. नुजहत दहादहा वेळा लिहायची, चुकलेलं खोडायची. मग विचारायची, “ऑफिसातली माणसं असंच लिवत्यात? का जरा साहेबी लागतंय?”

तिला तिथल्या अधिकाऱ्यांना अर्ज करायचा असणार, असं दीपाला वाटलं. तिने सरकारी पत्रांचे मायने शिकवले, आदराची रूपं शिकवली. एवढ्या ओढीने कुणी कधी तिच्याकडे शिकलं नव्हतं.

एकदा दीपाने फळ्यावर भूतकाळ लिहिला. “आपारेसिओ. म्हणजे सापडला.”

“ते नको.”

“भाभी, उद्या तो सापडला की हेच लागेल.”

“सापडंल, तेवढंच सांगा. पुढचं.” तिने पेनाला टोपण लावलं.

दीपाने फळा पुसला. तिला राहवलं नाही. “मीच फोन लावून बघते ना तिथे. मला बोलता येतं.”

नुजहतने तिचं मनगट घट्ट धरलं. “फोन नको, मॅडम. तुमच्या पाया पडते. घरात ह्यांची बायपास झालीया.”

वाईट बातमी आली तर काय, या भीतीने ती म्हणत असेल. दीपाने विषय सोडून दिला.

जूनच्या शेवटी एका दुपारी जिन्यावर कुणीतरी थांबत थांबत चढताना ऐकू आलं. दारात एक हडकुळा माणूस कठड्याला धरून उभा होता.

“मी गौस. कबनूरचा. नुजहत तुमच्याकडं शिकाय येती न्हवं, तिचा नवरा.”

दीपाने खुर्ची दिली. त्याने दम खाल्ला आणि शर्टाच्या आतून एक जाड लिफाफा काढला. वर परदेशी तिकिटं होती, नाव नुजहतचं होतं.

“येरवी पत्रं तिच्या मोबाईलवर येत्यात. दर शुक्रवारी एक. ती मला धाडती, पुतण्या मोबाईलात घालून मराठी करून वाचतो. शोध चालू हाय, कुठल्याबी दिवशी सापडंल, असंच असतंय. त्याच्यावर तर दिवस काढतोय.” त्याने लिफाफा पुढे केला. “आज हे टपालानं आलं. ती लूमवर, पुतण्या कामावर. मला दम धरवंना. तेवढं वाचा.”

दीपाने लिफाफा फोडला. कागदावर बंदर कार्यालयाचा शिक्का होता.

श्रीमती नुजहत यांस, असं लिहिलं होतं. दोन मार्चला सापडलेल्या कामिल यांच्या मृतदेहाचं दफन, आपण सहा मार्चला पाठवलेल्या संमतीपत्रानुसार, इथल्या मुस्लिम दफनभूमीत करण्यात आलं. आता कबरीवर दगड बसवायचा आहे. सोबत नाव लिहून पाठवत आहोत. स्पेलिंग बरोबर असल्यास कळवावे.

“सापडला का?” गौसने विचारलं.

दीपाने कागदाची घडी घातली.

“नाही,” ती म्हणाली. “नावाचं स्पेलिंग विचारलंय.”