गुणवंतीची पाठवणी

“मी नाही भरायची तिची ओटी,” हौसावहिनी म्हणाल्या. हातातलं ताट त्यांनी बागेच्या फाटकाजवळच्या कठड्यावर ठेवून दिलं. ताटात तांदूळ, नारळ, खण आणि हळदकुंकू होतं. “तिचा नवरा मेलाय. तुम्हालाही ठाऊक आहे.”

“तिला ठाऊक नाही,” आत्मारामशेट म्हणाले.

फाटकाच्या खांबावर कालच संगमरवरी पाटी बसली होती. ज्युबिली बाग, जीर्णोद्धार १९८६. खाली समितीच्या अध्यक्षांचं, म्हणजे आत्मारामशेटचंच नाव. आतलं रान काढून झालं होतं. बागेभोवतीच्या चिऱ्याच्या गडग्याला चुना लागला होता, कारंजं पुन्हा उडू लागलं होतं. उद्या सकाळी मंत्री येणार होते. फक्त तळ्याकाठच्या जुन्या बाकावर अजून गुणवंती बसली होती.

मुंबईला जाताना रघू तिला म्हणाला होता, इथंच बस, खोली बघतो नि न्यायला येतो. ती बसली. तिथंच तीन दगडांवर रांधायची, तिथंच निजायची. उठवायला पोलीस आले तेव्हा तिनं एवढा आकांत केला की रस्त्यावरची माणसं गोळा झाली. रघू गोदीत अपघातात गेल्याचा निरोप त्याच्या भावाला मिळाला होता. भाऊ शेटच्या आंब्याच्या कलमांच्या बागेत कामाला होता. भावजय गळ्यात पडेल म्हणून तो गप्प राहिला, आणि तिला सांग, असं शेटही त्याला म्हणाले नव्हते.

“तेव्हाच सांगायला हवं होतं तिला,” वहिनी म्हणाल्या.

“आता सांगितलं तर उद्या मंत्र्यांसमोर ऊर बडवून घेईल. आणि रिकाम्या ओटीनं निघायची नाही ती. नवऱ्याकडे जात्येय असं वाटायला हवं.”

“माझ्या कुंकवाला काही झालं म्हणजे?”

“मला काय धाड भरली आहे? चल. राजापूरची गाडी लागली असेल.”

“आणि परत आली तर?”

“येऊ दे. फाटकाला कुलूप असेल.”

गुणवंती बाकाखालचा पाला झाडत होती. पलीकडे केरू रंगारी कारंज्याच्या कठड्याला हिरवा रंग देत होता.

“गुणवंते, ऊठ,” शेट म्हणाले. “रघूचा निरोप आलाय.”

ती उठली नाही. “कुठनं?”

“राजापूरहून. काजूच्या कारखान्यात लागलाय. आमचा माणूस पेट्या घेऊन गेला होता, त्याला भेटला. म्हणाला, तिला पाठवून द्या.”

“स्वतः नाय आले?”

“रजा नाही मिळत.”

ती पुन्हा पाला झाडू लागली. शेटना वाटलं, फसलं. मग त्यांना सुचलं. “वाळलाय फार,” ते म्हणाले. “हातानं रांधून खातो.”

“त्यांना भात नाय करता येत,” गुणवंती म्हणाली आणि उभी राहिली.

वहिनींनी तिला हळद लावली. कुंकू लावताना थोडं गुणवंतीच्या नाकावर सांडलं. वहिनी ते पुसायला गेल्या. गुणवंतीनं मान मागं घेतली.

“राहू दे वैनी. नाकावर सांडलं की घरधन्याची माया असते म्हणतात.” आणि ती लाजली. केरू हसला.

वहिनींनी खाली बघत तिच्या पदरात नारळ, खण आणि तांदूळ घातले. गुणवंतीनं ओटी कमरेला खोचली, गाठोडं काखेत घेतलं, दोघांच्या पाया पडली. फाटकापर्यंत गेली आणि थांबली. मग मागे आली.

“ते तिकडनं निघाले असले तर?”

“कोण?”

“हे. मी जायची आणि ते हिकडं यायचे. हितंच बस म्हणून सांगितलंनी आहे. चुकामूक नको व्हायला. मी जाऊन येईपर्यंत कोणीतरी बसा ना.”

शेटनी इकडंतिकडं पाहिलं. “केरू बसेल. काय रे? लग्न नाही तुझं, काही नाही. बघ जरा वाट बघून.”

केरूनं ब्रश डब्यावर ठेवला, हात लेंग्याला पुसले आणि बाकावर बसला.

“तसा नको. फाटकाकडं तोंड कर,” गुणवंती म्हणाली. “आणि ऊन आलं तर सरकायचं, उठायचं नाय. लघवीला जायचं झालं तर दुसऱ्याला बसव.”

“बरं.”

“विसरशील.”

“नाय विसरत. जा तू.”

वहिनी तिला गाडीत बसवून द्यायला बरोबर गेल्या. दोघी रिक्षात बसल्या. रिक्षा निघाली तशी मागच्या चौकोनी खिडकीत गुणवंतीचा चेहरा दिसला, नाकावरच्या कुंकवासकट.

“ऊठ,” शेट म्हणाले.

“रिक्षा वळू दे, शेट. बघत्येय ती.”

शेटनी मागं वळून पाहिलं. मग हसून हात वर केला आणि हलवत राहिले. रिक्षा नाक्यावरून दिसेनाशी झाली तेव्हा त्यांनी तो खाली घेतला.

केरू उठला. दोघांनी मिळून बाक बाजूला ओढला. तिथं देणगीदाराच्या नावाचा सिमेंटचा बाक यायचा होता.

“ह्याचं काय करायचं?” केरूनं विचारलं.

“फळ्या काढ नि आचाऱ्याला नेऊन दे. उद्याच्या भज्यांना लाकूड कमी पडतंय म्हणत होता.”

केरू पहार घेऊन आला. शेट वाकून बाकाचे बिडाचे हात बघत होते. वेलबुट्टीवरची धूळ त्यांनी आपल्या रुमालानं पुसली.

“हे मात्र जपून काढ हं, केरू,” ते म्हणाले. “घरी पडवीत लावू. जुनी वस्तू आहे. कोणाला किंमत नसते.”