बाबाची पायरी

“नाव वर आलंय,” आजोबा म्हणाले. “नाव खालच्या अंगाला हवं. शंभरदा सांगितलं तुला.”

चिंगीनं गोल पायरी हातात फिरवून पाहिली. एकाच बाजूला, एकाला एक लागून, तिनं दोन्ही लिहिलं होतं : ‘पाण्यात हात सोडले’ आणि ‘बाबा’. आता पायरी कशीही बसवली तरी एक काहीतरी चुकणारच.

आजोबा सुतार. वय झालं तसं कारखान्यातलं काम सुटलं, पण घरामागची ही खोली आणि हातातला रंधा सुटला नाही. रविवारी नात यायची. तिला पोहायला शिकायचं होतं, म्हणून दोघांनी तिच्या शिकण्याची शिडी करायला घेतली. पायरीच्या वरच्या अंगाला चिंगीनं काय साधलं ते लिहायचं : नाक बुडवलं, पाय मारले, असं करत सगळ्यात वर ‘तलाव पार’. ते अजून व्हायचं होतं. खालच्या अंगाला, पाय लागणार नाही असं, त्या पायरीपर्यंत ज्यानं आणलं त्याचं नाव. नाव मोठ्यानं घ्यायचं, हात जोडायचे, मगच पायरी भोकात ठोकायची. “ज्याला उपकार आठवत नाहीत,” आजोबा म्हणायचे, “त्याची शिडी भिंतीला टेकत नाही.”

त्यांनी नाव घासायला काचकागद उचलला.

“राहू द्या,” दारातून आवाज आला. चिंगीचा बाबा होता. एरवी तिला न्यायला आई यायची, आज तिला ड्यूटी होती. बाबानं या खोलीत पाऊल टाकून वर्षं लोटली होती.

“चपला बाहेर,” आजोबा म्हणाले. आपल्या मुलाकडे त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

बाबानं चपला काढल्या नाहीत. “काय चाललंय हे?”

“आभार मानायला शिकतेय. तुला जमलं नाही ते.”

“मला?” बाबा हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “अण्णा, माझ्याएवढे आभार या घरात कुणी मानलेत? नव्या सदऱ्याचे मानले. ताटातल्या भाजीचे मानले. शाळेत घातलंत म्हणून पाहुण्यांसमोर उभं करून मानायला लावलेत. मार खाल्ल्यावरसुद्धा म्हणायचं, अण्णा, बरं केलंत.”

“म्हणून माणसांत आलास.”

“चिंगे, बॅग उचल. पुढच्या रविवारपासून इथे यायचं नाही.”

चिंगी जागची हलली नाही. “सरस लावून झालाय, बाबा,” ती म्हणाली. “सगळ्या भोकांत. तू थांब ना जरा. आजोबांना एकट्याला दुसरी बाजू उचलत नाही.”

ते खरं होतं. पायऱ्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या एका दांड्यात उभ्या होत्या, फक्त चिंगीच्या हातातली बाकी होती. ती बसली की दुसरा दांडा वरून एकदम सगळ्यांवर उतरवायचा, आणि सरस धरायच्या आत उतरवायचा. त्याला चार हात लागतात. या खोलीत वाढलेल्या बाबाला ते कुणी समजावून सांगायला नको होतं.

तो पुढे आला. आजोबा घाईघाईनं काचकागद चालवत होते, पण पेन्सिलीची अक्षरं लाकडात खोल रुतली होती.

“तशीच बसवा.”

“तशीच? पोरीचा पाय बापाच्या नावावर पडेल.”

“पडू दे.”

“अरे, पाप लागतं!”

“कुणाला लागतं?” बाबानं त्यांच्या हातातून पायरी काढून घेतली. “बाप असतोच पाय ठेवायला. ती माझ्यावर पाय देऊन वर गेली की झालं माझं. दर पायरीला खाली वाकून हात जोडत बसली, तर चढणार कधी?”

आजोबा काहीतरी बोलणार होते. तोवर बाबानं पायरी भोकात घातली, नाव वर करून. चिंगीनं वडिलांकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, आणि हात न जोडताच मोगरी हाणली.

मग दोघांनी दांडा उचलला.

“डावं टोक आधी,” आजोबा गुरगुरले. “डावं कुठलं, आठवतंय ना?”

“आठवतंय. तुमचा हात बसायचा तो गाल.”

दांडा उतरला. एकेक पायरी आपापल्या भोकात शिरली, कुठे अडली नाही. मग सरस सुकेपर्यंत दांडे दाबून धरायला शिकंजे : एकानं धरायचा, दुसऱ्यानं आवळायचा. तोंडानं भांडणारी माणसं हातानं एका तालात चालली होती. शेवटचा पेच आवळून झाला तेव्हा दोघांच्याही हातांना सरस लागलेला होता.

जो शब्द आजोबांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून काढून घेतला, तो आता त्यांच्या स्वतःच्या घशाशी आला होता. देवानं जीभ दिलीय, ती अशा वेळीच जड होते. त्यांनी खाकरून पाहिलं. नुसतं खाकरणंच बाहेर पडलं.

बाबानं चिंगीची बॅग स्वतःच खांद्याला लावली. तिचा हात धरून तो दाराशी पोचला.

“शिकंजे सोडायला माणूस लागेल,” आजोबा शिडीकडे बघत म्हणाले.

बाबा थांबला. “कधी सोडायचेत?”

“आठवड्यानं.”

“आठवडा?” चिंगी म्हणाली. “आजोबा, सरस तर उद्या सकाळपर्यंत...”

“त्यांच्यापेक्षा तुला जास्त कळतं?” बाबा तिच्यावर खेकसला. “आठवडा म्हणाले ना ते? चल.”