तिसरा एलईडी

जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेल्या अप्पांनी महिन्याभरापासून घरीच एक मोठा टॉर्च बनवायला घेतला होता. नळी एकीकडून आणली, सेल दुसरीकडून, एलईडी थेट परदेशातून मागवला. आज दोनदा बोट भाजून घेत त्यांनी तारांना डाग दिला, झाकण फिरवलं आणि बटण दाबलं.

"हाही मिणमिणताच," ते हिरमुसून म्हणाले. "तिसऱ्यांदा फसवलं मेल्यांनी. तुला काय वाटतं गं?"

लेकीनं डोळ्यांवर आडवा हात धरला होता. भरदुपारीही समोरची भिंत लख्ख उजळली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सकाळी सांगितलेलं अजून तिच्याच पोटात होतं.

"हो अप्पा," ती म्हणाली, "मालच खोटा निघाला. दुसरा मागवू."