वीज तोडण्याची वेळ

"दोन्ही पेट्या लावून ठेवल्यात. आजचं तेवढं तुम्ही उरकून टाका, मॅडम," असं म्हणून विभागप्रमुखांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि ते मीटिंगला निघाले.

नेहमी ही तपासणी करणाऱ्या सरांची सकाळीच कंबर धरली होती, म्हणून दुसऱ्या विभागातून तिला बोलावून घेतलं होतं. यात माझा मुलगा आहे, हे वाक्य तिच्या जिभेच्या टोकावर आलं होतं. प्रमुखांच्या बुटांचा आवाज जिन्याखाली विरेपर्यंत ते तिथंच राहिलं.

खोली थंडगार होती. टेबलावर दोन सारख्या राखाडी पेट्या. बनवणाऱ्यांच्या नावांच्या पट्ट्या काढून नुसते आकडे चिकटवलेले, एक आणि दोन. कोपऱ्यातल्या खुर्चीत हॉस्पिटलकडून आलेल्या बाई बसल्या होत्या. त्यांच्या अॅम्ब्युलन्सच्या कंट्रोल रूमला माहिती साठवायची नवी यंत्रणा हवी होती. जुनी इतकी रेंगाळायची की फोन करणाऱ्याचा पत्ता पडद्यावर येईपर्यंत कधीकधी माणूस हातचा जाई. बाईंनी हे अगदी शांतपणे सांगितलं. नवी पेटी वेगवान हवी, पण विसरभोळी नको, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सगळी मेख तिथंच होती. डिस्कवर लिहायला वेळ लागतो. म्हणून अशा पेट्या आलेली माहिती आधी झटपट मेमरीत घेतात, लिहिलं म्हणून सांगून मोकळ्या होतात आणि मग सवडीनं डिस्कवर उतरवतात. मधेच वीज गेली, तर मेमरीतलं सगळं पुसलं जातं. ते राखायची युक्ती दोघा जणांनी आपापल्या परीनं काढली होती. त्यातला एक तिचा मुलगा.

दोन वर्षांपूर्वी चांगली नोकरी सोडून त्यानं घरातल्या मागच्या खोलीत स्वतःला गाडून घेतलं होतं. ठरलेलं लग्न त्यापायी मोडलं. मामांनी, आत्यांनी टोमणे मारून घेतले. तो मात्र जेवताना घास हातात तसाच धरून बोलत राही.

"मेमरी गच्च भरलीय, डिस्कवर उतरायला नुकती सुरुवात झालीय आणि नेमकी तेव्हाच वीज गेली, तर माझं काही खरं नाही, आई. बाकी केव्हाही जाऊ दे, मी सांभाळतो."

तिला ते पुरतं कळत होतं. तीही त्याच कामात केस पिकवलेली.

तिनं पेट्या सुरू केल्या. दोन नंबरची जवळजवळ मुकीच होती. एक नंबरची आधी घरघरली, मग तिच्या पंख्याचा आवाज चढत चढत थेट शीळ घातल्यासारखा झाला. तिनं तो लगेच ओळखला. दोन वर्षं भिंतीपलीकडून हाच आवाज ती ऐकत आली होती. स्टेशनमागच्या बाजारातला स्वस्तातला पंखा. बदल रे तो एकदाचा, म्हणून तिनं त्याचं डोकं खाल्लं होतं आणि बदलतो, म्हणून त्यानं दर वेळी वेळ मारून नेली होती.

वेगात दोन्ही पेट्या तोडीस तोड निघाल्या. आता सगळी मदार शेवटच्या चाचणीवर होती. त्या चाचणीबद्दल नियमात एकच ओळ होती. परीक्षकानं पूर्वसूचना न देता वाटेल तेव्हा वीज तोडावी.

वाटेल तेव्हा. म्हणजे तिला वाटेल तेव्हा.

तिनं एक नंबरच्या पेटीच्या खटक्यावर हात ठेवला. मेमरी किती भरली ते दाखवणारा पट्टा पडद्यावर चढत होता. सरांनी इथं काय केलं असतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. पट्टा काठोकाठ भरला, मग उतरायला लागला. तिचा हात हलला नाही. पट्टा पार तळाला टेकल्यावर तिनं खटका ओढला.

वीज परत दिली, तर सगळं जागच्या जागी होतं. बाईंनी समाधानानं मान डोलावली.

मग ती दोन नंबरच्या पेटीपाशी जाऊन उभी राहिली. हीही कुणाच्या तरी मुलानं रक्त आटवून केलेली असणार. त्याचीही आई आज फोनकडे डोळे लावून बसलेली असेल. तिनं तो विचार झटकला. पट्टा भरत गेला, काठाशी किंचित थरथरला आणि खाली यायला लागला.

तिनं खटका ओढला.

या वेळी परत आलेल्या, चाचणीसाठी भरलेल्या फोनच्या यादीत मोठं खिंडार पडलेलं होतं. बाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ आल्या.

"हे मधले फोन कुठं गेले?"

"गेले," ती म्हणाली.

"बरं झालं, इथंच कळलं."

अहवालात तिनं घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. बसमध्ये ती स्वतःला हेच पुन्हा पुन्हा सांगत राहिली. खोटं नाही, नियमाबाहेरचं नाही.

दार उघडंच होतं. मुलगा फोनवर बोलत होता, मोकळेपणानं हसत होता. किती दिवसांनी ते हसू कानावर पडत होतं. ती चपला न काढताच उंबऱ्यात थबकली. दिवसभर मनाला लागलेली टोचणी त्या हसण्यात विरघळून गेली. जे केलं ते केलं, तिला वाटलं, पुन्हा वेळ आली तरी असंच करीन.

त्यानं फोन ठेवला.

"लागला निकाल?" तिनं जमेल तितक्या सहज आवाजात विचारलं.

"लागला. जिंकलेल्याचं अभिनंदनच करत होतो. भला माणूस आहे, फोनवर रडायलाच लागला. त्याला कसंबसं हसवलं." त्यानं पुढं होऊन तिच्या खांद्यावरची पिशवी उतरवून घेतली. "पेटी द्यायच्या आधी तो पंखासुद्धा बदलला होता, तू म्हणायचीस म्हणून. माझी दोन नंबरची होती, आई."