सदतिसावा फोटो

"काका, निगेटिव्ह असेलच ना तुमच्याकडे?" बाईने आपल्या लग्नाचा जुना अल्बम स्टुडिओच्या काउंटरवर ठेवला. "सासरी निघताना बाबांनी हट्टाने माझ्याबरोबर फोटो काढून घेतला होता. तो यात नाही."

वसगडेकाकांना तो मांडव लख्ख आठवला. छत्तीस फोटोंचा शेवटचा रोल वराच्या मामा-मावश्यांनीच संपवला होता. अशा वेळी सगळे फोटोग्राफर करायचे तेच त्यांनी केलं होतं. रिकाम्या कॅमेऱ्याने नुसता फ्लॅश मारला होता. चाळीस वर्षांत असे किती फ्लॅश मारले, देव जाणे.

थकल्या खांद्यांना आता ते ओझं पेलवत नव्हतं. खरं सांगून मोकळं व्हावं म्हणून त्यांनी चष्मा उतरवला.

"बाबा गेल्या महिन्यात गेले," ती म्हणाली. "शेवटपर्यंत म्हणायचे, जन्मात एकच फोटो मनासारखा आला असेल माझा, आणि नेमका तोच बघायचा राहिला."

काकांनी चष्मा पुन्हा चढवला.

"बस पोरी, बघतो," म्हणत ते निगेटिव्हचा पत्र्याचा डबा उघडून एकेक पट्टी दिव्यासमोर धरू लागले. तेव्हासारखेच, कॅमेऱ्यात रोल असल्यासारखे.