कोंडिबांची न्याहारी

निरंजन कागद घेऊन आंब्याखाली पोचला, तेव्हा कोंडिबा बुक्कीनं कांदा फोडत होते. पारावर फडकं पसरलं होतं. त्यावर तांदळाची भाकरी आणि कारळ्याची चटणी. निरंजनला पाहून ते सरकले आणि त्याला बसायला जागा केली. निरंजन उभाच राहिला.

भूगावच्या या सोसायटीत दीडशे फ्लॅट आहेत. त्याआधी इथं कोंडिबांचं शेत होतं. ते त्यांनी रीतसर विकलं, त्यालाही नऊ वर्षं झाली. बिल्डरनं आंबा तेवढा ठेवला, त्याला पार बांधला आणि जाहिरातीत छापला. फ्लॅटवाल्यांपैकी पारावर कुणी बसत नाही. वेळ कुणाला आहे? बसतात ते एकटे कोंडिबा, रोज सकाळी नऊ ते पावणेदहा.

कमिटीनं नेमकी याचीच धास्ती घेतली. अध्यक्ष चंद्रकांत बैठकीत म्हणाले, "आज भाकरी खातोय, उद्या वहिवाट सांगेल." या मुळशी तालुक्यात जमिनीचा विषय निघाला की शहाणी माणसंही साप साप म्हणून भुई धोपटू लागतात. लगेच कागद तयार झाला. त्यावर ओळी दोनच. या जागेवर माझा कोणताही हक्क नाही. यापुढे मी आवारात येणार नाही. सही आणायला सेक्रेटरी म्हणून निरंजनला धाडलं.

कोंडिबांनी हात पुसले, चष्मा लावला आणि कागद दोनदा वाचला.

"पयली ओळ खरी हाय," ते म्हणाले. "दुसरी काढली तर न्हाई का चालनार?"

कोंडिबांनी चतकोर भाकरी निरंजनच्या हातावर ठेवली आणि स्वतः पुन्हा जेवायला लागले. खावं तर या म्हाताऱ्यासारखं. बेतानं घास तोडायचा, त्याला चिमूटभर चटणी लावायची, कांद्याची पाकळी दाताखाली आली की डोळे मिटायचे. मध्येच वर बघायचं, पानांतून ऊन कुठवर आलंय ते. घाई कसली ती नाही. परभणीहून नोकरीसाठी आलेला निरंजन सहा वर्षं उभ्यानं, कानात मीटिंग ऐकत नाश्ता उरकत होता. आज तो बसला. भाकरी चावता चावता गोड लागते, हे तो विसरूनच गेला होता.

त्यानं पेन काढलं, दुसरी ओळ खोडली आणि शेजारी स्वतःची सही ठोकली. कमिटी ओरडेल, ओरडू दे.

"बाबा," तो म्हणाला, "आपलं शेत असं दुसऱ्याचं झालेलं बघायचं म्हणजे रोज जीव तुटत असेल."

कोंडिबांनी पहिल्या ओळीखाली सावकाश सही केली आणि कागद त्याच्या हातात दिला.

"कशाला तुटंल? माजं व्हतं तवा हितं एक घास निवांत गिळला न्हाई. अर्धं ध्यान बैलांवर, अर्धं बांध कोरनाऱ्या भावकीवर. आता तुमचं हाय. तुमी राखा, मी जेवतो."